दख्खनचे साप आणि त्यांचे कोनाडे



उभे आयुष्य मराठी शिकविण्यात घालविलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी सापांचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत ते गुरुजी विज्ञान शिकवीत असले, तरी शब्दांविषयी त्यांचा आग्रह आम्हा भाषेच्या शिक्षकांपेक्षा कमी नव्हता. पारिभाषिक शब्द पाठ करण्याआधी तो कोणत्या घरातून आला आहे हे विचारावे, अशी त्यांची रीत होती. तीच रीत अनुसरून मी एका शब्दापासून आरंभ करतो. प्राणिशास्त्राचा मी अभ्यासक नव्हे. वाचन, थोडे निरीक्षण आणि सापांच्या मराठी-तेलुगू नावांविषयीचे जुने कुतूहल, एवढ्याच भांडवलावर हे विवेचन उभे आहे.

तो शब्द आहे 'निश'. इंग्रजीने तो फ्रेंचमधून घेतला आणि त्याचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. आपल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. देवघराशेजारची दिवळी दिव्यासाठी, माजघरातला कोनाडा कुंकवाच्या करंड्यासाठी, सोप्यातला पंचांगासाठी. भिंत एकच, पण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी 1917 साली कॅलिफोर्नियातील एका पक्ष्याच्या संदर्भात हा शब्द वापरला, तेव्हा त्यांच्या मनात मुख्यतः त्या पक्ष्याला मानवणारी जागा होती. पुढे 1927 मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स एल्टन यांनी त्याला कामाचा अर्थ दिला. प्राणी राहतो कुठे यापेक्षा तो करतो काय, कोणाला खातो आणि कोणाच्या तोंडी जातो, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. म्हणजे एकाच्या दृष्टीने कोनाडा आणि दुसऱ्याच्या दृष्टीने बलुते! गावगाड्यात सुतार आणि कुंभार एका गावात सुखाने नांदत, कारण एकाचे काम दुसरा करीत नसे. उपमा येथेच थांबविली पाहिजे. गावगाड्यातील वाटणी माणसांनी जन्मावर लादली होती आणि तिच्यात उच्चनीचता होती. निसर्गातील वाटणीत ती नाही.

आता एक प्रश्न. एकाच कुळातील, एकाच बांध्याच्या आणि एकाच तऱ्हेने शिकार करणाऱ्या दोन जाती एका माळावर कशा राहतात? 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' ही आपली म्हण रशियन शास्त्रज्ञ गाउझे यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण 1934 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांनी तीच सिद्ध केली. पॅरामेशियम नावाच्या सूक्ष्म जीवाच्या दोन जाती त्यांनी एका नळीत, एकाच खाद्यावर वाढविल्या. काही दिवसांत एक जात उरली व दुसरी नामशेष झाली. हे उदाहरण पाठ्यपुस्तकांतून सर्वांना भेटते. त्यांचा दुसरा प्रयोग मात्र तितका सांगितला जात नाही आणि आपल्याला आज तोच हवा आहे. पहिल्या प्रयोगात हरलेली जात त्यांनी तिसऱ्याच एका जातीसोबत ठेवली. या वेळी दोन्ही टिकल्या, कारण एक नळीच्या वरच्या थरात चरत होती आणि दुसरी तळाशी साचलेल्या किण्वावर जगत होती. म्यान एकच होते, पण त्याला दोन कप्पे पडले होते.

सापांच्या बाबतीत हे कप्पे पाहणे विशेष उद्बोधक आहे. सापाला हातपाय नाहीत, भक्ष्याचे तुकडे करता येत नाहीत. जे खायचे ते अख्खे गिळायचे. त्यामुळे जबड्याचा व्याप हीच त्याच्या आहाराची पहिली मर्यादा. शरीराची ऊब बाहेरून घ्यावी लागत असल्याने बाहेर पडण्याची वेळही त्याला निवडून घ्यावी लागते. थॉमस शोनर यांनी 1974 मध्ये अनेक प्राणिसमूहांची तुलना करून असे दाखविले, की निकटच्या जाती बहुधा आधी जागा वाटून घेतात, मग अन्न आणि शेवटी वेळ. पुढील अभ्यासकांना साप या क्रमाला अपवाद वाटले. सापांत अन्नाची वाटणी पुष्कळदा जागेच्या वाटणीहून ठळक असते. मला हे पटते, कारण आपल्या भोवतालचे साप पाहिले तर पहिला भेद ताटातच दिसतो.

भोवताल म्हणजे हे आपले हैदराबाद. जुन्या ग्रॅनाइटच्या गोलसर शिळांचे ढीग, त्यांमधील काटेरी झुडुपे, तळ्याखालची भातखाचरे आणि दोन पावसाळ्यांमधला दीर्घ कोरडा काळ. 1956 पर्यंत मराठवाड्याचे जिल्हे आणि हे शहर एकाच राज्यात होते. राज्याच्या सीमा त्यानंतर दोनदा बदलल्या, पण औरंगाबादच्या माळावरचा साप आणि गोवळकोंड्याच्या खडकातला साप यांची बिरादरी तुटली नाही. फक्त नावे बदलतात. आपला घोणस येथे रक्तपिंजर होतो, मण्यार कट्लपामु, धामण जेर्रिपोतु आणि नाग थोड्या फरकाने नागुपामु.

घोणस आणि फुरसे यांच्यापासून सुरुवात करू. दोघेही मंडली कुळातले, दोघेही विषारी, दोघेही मुख्यतः निशाचर आणि दोघेही अंडी न घालता पिल्लांना जन्म देणारे. तेलुगूत फुरशाला चिन्न पिंजर, म्हणजे धाकटा घोणस, म्हणतात. नात्याची ही जाण लोकभाषेला आहे. पण घोणस जाडजूड, मीटरभराहून लांब. त्याचे राज्य शेतात, बांधावरच्या गवतात, जेथे उंदीर आहेत तेथे. फुरसे मात्र आपल्या भागात बहुधा दीड-दोन वितींचे. त्याला उघडा, खडकाळ माळ हवा. रत्नागिरीच्या जांभ्याच्या सड्यांवर त्याची संख्या एवढी असे, की एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने ते मारणाऱ्यांना बक्षिसे लावली होती. फुरशाच्या ताटात पाली, लहान बेडूक व उंदराची पिल्ले असतात, परंतु त्यांखेरीज विंचू आणि गोमही असतात. दगड उलटला की खाली जे सापडते ते त्याचे अन्न. घोणसाचे पोट विंचवावर भरायचे नाही आणि फुरशाच्या जबड्यात मोठा उंदीर मावायचा नाही. मौज अशी, की घोणसाचे पिल्लू फुरशाएवढेच असते आणि तेही पाली-सरड्यांवर जगते. म्हणजे एकाच जातीचा प्राणी वयपरत्वे कोनाडा बदलतो.

याहून नाजूक उदाहरण मांडुळांचे. एरिक्स या एकाच प्रजातीतील दोन जाती दख्खनमध्ये सर्वत्र आहेत: मांडूळ आणि दुरक्या घोणस. दोघेही बिनविषारी, दोघेही जमिनीत शिरणारे, भक्ष्याला विळख्यात आवळून मारणारे आणि पिल्ले घालणारे. दोघांच्याही आहारात मुख्य म्हणजे उंदीर. म्यान एकच दिसते. आता शरीरे पाहा. मांडुळाचे खवले गुळगुळीत, रंग एकसारखा तांबूस तपकिरी, शेपूट बोथट व तोंडासारखे; म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात आणि तेलुगूतही दोन डोक्यांचा साप असेच नाव आहे. हे भुसभुशीत मातीत आणि उंदरांच्या बिळांत आत आत शिरण्याचे शरीर. बिळातच शिकार गाठायची आणि तेथेच मुक्काम करायचा. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण वास्तविक मांडुळालाही तितकीच लागू आहे. दुरक्या घोणसाचे खवले खरखरीत, शेपूट आखूड व निमुळते आणि अंगावर घोणसाची आठवण करून देणारे गडद ठिपके. ते ठिपके अंधाऱ्या बिळात काय कामाचे? तो मातीत अर्धवट पुरून, पृष्ठभागाशी दबा धरून बसतो. त्याच्या लपण्याला त्या नक्षीचा उपयोग आहे. एक बिळात जाऊन धरतो, दुसरा बिळाबाहेर वाट पाहतो. दोघांच्या प्रदेशांतही फरक आहे. मांडूळ पश्चिमेकडे इराणपर्यंत पसरले आहे, पण श्रीलंकेत नाही. दुरक्या श्रीलंकेत पोहोचला आहे.

याच प्रजातीचा तिसरा भाऊ फार काळ ओळखला गेला नव्हता. गोवा, कर्नाटक व केरळच्या दमट किनारपट्टीतील मांडुळे निराळ्या जातीची आहेत असे इंद्रनील दास यांनी 1991 साली दाखवून दिले आणि तिला रॉम्युलस व्हिटेकर यांचे नाव दिले. दोघे भाऊ कोरड्या पठारावर, तिसरा सह्याद्रीच्या पलीकडे पावसाच्या मुलखात. येथे वाटणी ताटाची नसून हवेची आहे.

मांडुळाविषयी एक दुःखद गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ते जवळ बाळगल्याने धन मिळते, ठरावीक वजनाचे मांडूळ लाखो रुपयांना विकले जाते, अशा भाकडकथांवर महाराष्ट्रात आणि या शहरातही त्याचा चोरटा व्यापार चालत आला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. शेतकऱ्याच्या बिळातले उंदीर खाणारा हा निरुपद्रवी जीव गोणीत गुदमरून मरतो, आणि खरेदी करणाऱ्याला धनाऐवजी तुरुंग मिळण्याचाच संभव अधिक.

पाणथळीच्या सापांविषयी थोडक्यात सांगतो. विरोळा अथवा दिवड, नानेटी आणि गवत्या हे एकाच उपकुळातील, तिघांच्याही खवल्यांवर बारीक कणा, तिघेही बेडूकवर्गावर जगणारे. विरोळा तळ्यात उतरतो, बेडकांबरोबर मासेही खातो. नानेटी दिवसा काठावरच्या गवतात हिंडते व लहान बेडूक धरते. इतकी गरीब, की मुलांनी हातात घेतली तरी सहसा चावत नाही. गवत्याचा ओढा भेकांकडे. भेकाच्या कातडीत विष असते व पुष्कळ प्राणी त्याला तोंड लावीत नाहीत. ज्या ताटाला इतरांनी नाकारले तेच आपले म्हणणे, हाही कोनाडा मिळविण्याचा एक मार्ग आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दोन जाती वेगळे खातात, एवढ्यावरून त्यांच्यात कधीकाळी स्पर्धा होती व म्हणून त्या वेगळ्या झाल्या, असे ठरत नाही. जोसेफ कॉनेल यांनी 1980 साली या तर्काला 'गतकालीन स्पर्धेचे भूत' म्हटले आणि पुराव्याशिवाय त्या भुतावर विश्वास ठेवू नये असे बजावले. एखादी जात काढून घेतल्यावर दुसरी तिच्या जागेत पसरते काय, हे पाहिल्याशिवाय स्पर्धा सिद्ध होत नाही. आणि बिळात राहणाऱ्या निशाचरांबाबत असा प्रयोग अतिशय कठीण. काही भेद एका जातीच्या पूर्वजांनी निराळ्या मुलखातून सोबत आणलेलेही असतील. भाषेत नाही का, दोन समानार्थी शब्दांतील छटाभेद कधी वापरातून घडतो, तर कधी एक शब्द संस्कृतातून आणि दुसरा फारसीतून आलेला असतो म्हणून आधीचाच असतो!

आता मी ज्या विषयाशी सर्वाधिक वेळ थांबणार आहे तो म्हणजे मण्यार. कारण येथे शास्त्राचा सूक्ष्म भेद माणसाच्या प्राणाशी येऊन भिडतो.

आपला साधा मण्यार काळा-निळसर, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, शेपटीकडे अधिक स्पष्ट. दिवसा तो उंदराच्या बिळात, विटांच्या ढिगात निजतो, रात्री निघतो. त्याचे मुख्य खाद्य इतर साप, त्याखेरीज पाली, उंदीर. याच घरात दुसरा एक पट्ट्यांचा साप राहतो, कवड्या. तो बिनविषारी. त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. तो भिंतीवर सराईतपणे चढतो, कारण त्याचे भक्ष्य पाल आहे आणि पाल भिंतीवर आहे. मण्यार जमिनीचा साप. दोघे एका छपराखाली राहतात, पण एकाचा कोनाडा भिंतीत आणि दुसऱ्याचा जोत्यात. लोकांची गल्लत येथेच होते. रंगाने भिऊन निरपराध कवड्या मारला जातो. आणि उलट, कवड्याच असेल म्हणून मण्यारीच्या दंशाकडे दुर्लक्ष होते. ही दुसरी चूक जिवावर बेतते. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही. जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, शब्द अडखळतो आणि श्वास थांबू लागतो.

मण्यारीचा थोरला भाऊ पट्टेरी मण्यार. काळ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांचा, त्रिकोणी पाठीचा, बोथट शेपटीचा. त्याला ओलावा हवा. पूर्व भारतापासून पूर्व विदर्भ व तेलंगणाच्या जंगलपट्ट्यापर्यंत तो येतो. तोही साप खातो, पण पाण्याजवळ राहून, आणि मासेही खातो. घरात शिरण्याची त्याला सवय नसल्याने त्याचे दंश विरळा. विषाचे सामर्थ्य असूनही दोन भावांतील एक माणसाचा काळ ठरतो आणि दुसरा ठरत नाही, याचे कारण स्वभावाइतकेच पत्त्यातही आहे.

या पट्टेरी मण्यारीने तेलुगू भाषेला जगाच्या शास्त्रात एक मानाचे पान मिळवून दिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉ. पॅट्रिक रसेल विशाखापट्टणला होते. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ 1796 साली निघाला आणि त्यात त्यांनी प्रत्येक सापाचे स्थानिक नाव कान देऊन टिपले. या पिवळ्या सापाला तेथे 'बंगारु पामु', सोन्याचा साप, म्हणत. त्यावरून फ्रेंच शास्त्रज्ञ दोदँ यांनी 1803 मध्ये साऱ्या मण्यारवर्गाला 'बंगारस' हे लॅटिन धाटणीचे नाव दिले. आज व्हिएतनामचा अभ्यासकही मण्यारीचे नाव घेताना नकळत तेलुगू बोलतो! आणखी एक योग पाहा. डॉ. लालजी सिंग यांनी 1980 च्या सुमारास याच पट्टेरी मण्यारीच्या डीएनएमधून एक विशिष्ट अनुक्रम वेगळा केला. पुढे ते आपल्या शहरातील सीसीएमबी या संशोधन केंद्रात आले, आणि त्या अनुक्रमाच्या साहाय्याने 1988 मध्ये भारतात डीएनए ठसे घेण्याचे तंत्र उभे राहिले. न्यायालयात पितृत्व सिद्ध करणाऱ्या पुराव्यामागे एक साप उभा आहे, हे किती वकिलांना ठाऊक असेल?

तिसरा भाऊ सिंधी मण्यार. तो पश्चिम भारतात व महाराष्ट्राच्या काही भागांत सापडतो आणि दिसायला साध्या मण्यारीसारखाच. खात्री करायची तर शरीराच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजाव्या लागतात: साध्यात 15, सिंधीत 17 किंवा 19. हे मोजणे पंडितांचा खेळ वाटेल. तसे नाही. आपल्याकडे सर्पदंशावर दिले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून, घोड्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार करून बनवितात. त्यासाठी लागणारे विष बहुतांशी तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या, 1978 साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून आले आहे. परंतु विष हे सापाचे जेवणाचे साधन. भक्ष्य बदलले, प्रदेश बदलला की विषाचे घटकही बदलू शकतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये या चौघांच्या पलीकडील विषारी सापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सिंधी मण्यारीचे विष अतिशय जहाल आढळले, आणि बाजारातील प्रतिविष त्याच्यापुढे अपुरे पडले. खवल्यांच्या दोन ओळींचा फरक रुग्णालयातील खाटेपर्यंत पोहोचतो तो असा.

या देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. अधिक मृत्यूंच्या राज्यांत तेलंगणासह आंध्रची गणना आहे. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, बहुतेक खेड्यांतले. केंद्र सरकारने 2024 मध्ये कृती आराखडा जाहीर करून 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले आहे. आपल्या शहरात 1995 पासून फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटीचे कार्यकर्ते घरात शिरलेले साप पकडून सोडण्याचे काम करीत आहेत. शहर खडक फोडून आणि तळी बुजवून वाढते तेव्हा सर्व साप सारखे हटत नाहीत. फुरशाला दगड हवा, नानेटीला ओला काठ. ते गेले की त्यांचा कोनाडाच गेला. नाग, धामण, घोणस यांना उंदीर पुरतात, आणि उंदीर आपण कचऱ्यावर पोसतो.

मण्यारीपुरते बोलायचे तर तिच्या कोनाड्याची सीमा जमिनीपासून फार वर जात नाही. नेपाळच्या तराईत झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मच्छरदाणी लावून निजणाऱ्यांना दंशाचा धोका बराच कमी आढळला. खाट आणि चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. पावसाळ्यात शेतावर, बांधकामावर किंवा गोठ्यात निजणाऱ्या माणसासाठी एवढी सामग्री पुरते.